दिवेलागणीची शिंक

जयाक्कांनी काडी ओढली, वातीजवळ नेली, आणि नेमका तेव्हाच तो शिंकला.

एकदा शिंकून भागलं असतं तर गोष्ट वेगळी. दुसरी शिंक अशी आली की काडी विझली, गल्ल्यावरचं मांजर उडी मारून मिरचीच्या पोत्यामागे गेलं आणि मसाला घ्यायला आलेली बाई पायरीवरून खाली उतरली. जयाक्कांनी विझलेली काडी टाकली नाही. ती तशीच बोटांत धरून त्या दाराकडे वळल्या.

"महेशा, दिवा लावताना शिंकू नये एवढं वळण तुझ्या आईनं लावलं नाही का रे?"

"मी काय हौसेनं शिंकतो का, अज्जी? तुमची मिरचीच तशी आहे."

"मिरची माझी, नाक तुझं. आधी नाक सांभाळ, मग गाव सांभाळ."

महेश हवालदारानं रुमालानं डोळे पुसले आणि रोजच्यासारखा आत डोकावला. त्याचं बोलणं कानडी, शेवटी आदराचा 'री' लावणारं, आणि जयाक्कांचं रागावणं मराठी. पण एकमेकांचा एक शब्दही दोघांना कळल्यावाचून राहत नसे.

"रामचंद्रअण्णा आहेत ना री आत?"

"नाही, लंडनला गेला. आत देठं खुडतोय की. जा, मोजून घे जा."

हुब्बळ्ळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या त्या मिरची कांडपाच्या दुकानात हे रोजचं झालं होतं. जयाक्कांच्या तक्रारी तरी किती सांगाव्यात? एक तर हा खाकी घालून येतो. त्यात मोटारसायकल बरोबर पायरीला टेकवतो, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटावं की धाड पडली. परवा एकीनं विचारलंच, "जयाक्का, मसाल्यात विटेची पूड घातली काय हो?" बरं, यायची वेळ तरी कुठली, तर लक्ष्मी यायची. आत जाऊन रामचंद्राशेजारी पोत्यावर बसतो, घरच्या दुधाचा चहा पितो, त्याला घेऊन बाजारातून एक फेरी मारतो, आणि परत आल्यावर पायरीवर उभा राहून कुणाला तरी फोन लावतो. तेव्हा त्याचा आवाज असा मऊ होतो, जसा काही लोण्यातून काढलाय. बायकोला करत असेल. सरकारच्या वेळेत.

जयाक्का दुसरी इयत्ता पुरी न करता संसाराला लागल्या होत्या. पण नवरा गेल्यावर कांडपाची मुसळं एक दिवस थांबू दिली नाहीत त्यांनी. अख्ख्या बाजारात त्यांच्याशी भाव करायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्या नजरेसमोर मान खाली घालून बसणारं माणूस एकच, आणि ते त्यांच्याच पोटचं.

रामचंद्रानं माणूस मारला होता. हे वाक्य जयाक्का तोंडानं कधी बोलत नसत, पण मनात म्हणताना त्यातलं एक अक्षरही गाळत नसत. धारवाडातल्या मळमड्डी पेठेतल्या सुधींद्राबरोबर त्यानं मिरचीचा व्यापार मांडला होता. दोघे एका ताटात जेवायचे. एका संध्याकाळी गुत्त्यात दोघांची बाचाबाची झाली, रामचंद्राच्या हाताला बाटली लागली, आणि सुधींद्र उठला नाही. जन्मठेप झाली. काळे केस घेऊन आत गेलेला पोरगा आता पांढरे घेऊन बाहेर आला होता, तोही अटींवर. दारूला शिवायचं नाही. हुब्बळ्ळी-धारवाड सोडून जायचं नाही. आणि मळमड्डीत पाऊल टाकायचं नाही, कारण सुधींद्राची आई पार्वतीबाई अजून तिथंच राहत होती.

आणि आता लेकीची मुलगी, दीपश्री, हिचं लग्न नेमकं मळमड्डीत ठरलं होतं.

यात चूक कुणाची, तर जयाक्कांचीच. मुलांनी आपलं आपण जमवलेलं. नवऱ्या मुलाचं, मुकुलचं, घर विद्वानांचं, आजोबा बाळाचार्य संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. रामचंद्राचं सगळं जयाक्कांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. लपवून सोयरीक करणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. पण मुलीकडे हुब्बळ्ळीत सुपारी फोडताना बाळाचार्य म्हणाले, "कार्यालय आमच्या मळमड्डीतलंच घेऊ, गोरज मुहूर्त धरू," तेव्हा त्यांच्या जिभेला कुलूप लागलं. त्या शालजोडी पांघरलेल्या माणसांपुढे कसं सांगायचं, की आमच्या मुलीच्या मामाला तुमच्या पेठेत यायची बंदी आहे? त्यांनी ऐटीत मान हलवली. पत्रिका छापून आल्या. त्यात मामा म्हणून रामचंद्राचं नाव, आणि त्याच्याखाली मळमड्डीचा पत्ता.

दीपश्रीनं पत्रिका मामाच्या हातात दिली तेव्हा रामचंद्रानं ती वाचली, परत घडी घातली आणि उजवा तळवा गुडघ्यावर घासत बसला.

"मला मांडवात तूच घेऊन जायचंस," ती म्हणाली. "दुसरं कुणी आलं तर मी खोलीतून उठणार नाही. भटजींना कितीही ओरडू दे."

"चुलतमामा आहे की," रामचंद्र पुटपुटला.

"असेल. मला माझा पाहिजे."

आज महेश चहा पिऊन बाहेर आला तेव्हा जयाक्कांनी त्याला थांबवलं. हातात पत्रिका ठेवली.

"एक संध्याकाळ. एका मुहूर्तापुरतं. तू ठाण्यातल्या साहेबाला सांग."

महेशनं पत्ता वाचला. पहिल्यांदाच तो त्यांच्या दारात शिंकायचं विसरला.

"अज्जी, हे ठाण्याच्या हातात नाही. प्रोबेशनच्या मॅडम आहेत, तुरुंगाचे साहेब आहेत, डॉक्टर आहेत. महिन्यातून एकदा सगळे धारवाडात एकत्र बसतात. तिथं ठरतं."

"सगळे? माझ्या एका पोरासाठी?"

"तुमच्याच असं नाही. सुटून आलेले असे आणखी आहेत. पण होय, तुमच्याही पोरासाठी."

"मग मीपण बसते."

"तुम्हाला बोलावलेलं नाही री."

"लग्नघरातल्या म्हातारीला कुठंच बोलावलेलं नसतं. ती जाते."

ठरलेल्या दिवशी जयाक्का इरकली साडी नेसून, नाकात नथ घालून धारवाडला जाणाऱ्या चिगरी बसमध्ये बसल्या. कार्यालयाच्या दारातल्या शिपायानं नाव विचारलं. त्यांनी त्याचंच विचारलं, कुठल्या गावचा तेही विचारलं, आणि तो कलघटगीचं आपलं घर सांगत असताना दार ढकलून आत गेल्या. मोठ्या मेजाभोवती पाचसहा माणसं. महेश भिंतीपाशी उभा. त्यांना बघून त्यानं डोळे मिटून घेतले.

"तुम्ही कोण?" पोलीस इन्स्पेक्टरांनी विचारलं, आणि शिंकले. इरकलीच्या घड्यांत मिरची होतीच.

"ज्याच्याविषयी बोलताय त्याची आई. बोला तुम्ही, मी ऐकते."

प्रोबेशनच्या स्मृतीमॅडम वयानं लहान होत्या, पण त्यांनीच उठून खुर्ची ओढून दिली. "बसा अज्जी. तुम्ही आलात ते बरंच झालं."

जयाक्का भांडायच्या तयारीनं आल्या होत्या. पदराच्या टोकाला दोनचार ठेवणीतली वाक्यं बांधून आणली होती म्हणा ना. पण ऐकता ऐकता ती गाठ सुटेचना.

तुरुंगाचे साहेब म्हणाले, त्यांच्याकडे होता तेव्हाही हा माणूस दिवसभर शांत, आणि अंधारून आलं की सैरभैर. हात गजांना घासत बसायचा. डॉक्टर म्हणाले, ज्या वेळेला आयुष्यभर प्यायली त्याच वेळेला शरीर दारू मागतं, आणि ज्या वेळेला हातून ते घडलं ती वेळही तीच. स्मृतीमॅडम म्हणाल्या, कांडपापासून घरापर्यंतच्या वाटेवर दारूचं दुकान आहे. पहिल्याच आठवड्यात आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की त्या वेळेला हा एकटा राहता कामा नये. एकट्या आमच्यानं ते झालं नसतं. साहेबांनी सांगितलं नसतं तर डॉक्टरांना कळलं नसतं, डॉक्टरांनी सांगितलं नसतं तर ठाण्याला.

"म्हणून हवालदार दिवेलागणीला येतात," इन्स्पेक्टर म्हणाले. "दुपारी येऊन सही घेऊन जाणं त्यांना सोपं होतं."

जयाक्कांनी भिंतीकडे बघितलं नाही. नथ सारखी केली.

"आणि फेरी?" त्यांनी विचारलं. "रोज बाजारातून वरात काढतो ती?"

"दिवे लागले की दारूच्या दुकानावरून चालत जायचं आणि चालत परत यायचं," डॉक्टर म्हणाले. "सोबतीनं. रोज. मी सांगितलंय."

खोलीत पंखा फिरत होता. जयाक्कांनी पिशवीतून पत्रिका काढून मेजावर सरकवली आणि आपलं मागणं सांगितलं. या वेळी त्यांचा आवाज बाजारातला नव्हता.

स्मृतीमॅडमनी पत्रिकेवर हात ठेवला.

"हवालदारांनी मला आधीच सांगितलं होतं. मी पार्वतीबाईंकडे जाऊन आले. त्या काय म्हणाल्या ते तुम्हाला सांगायला त्यांची हरकत नाही. त्या म्हणाल्या, मुलीचं लग्न होऊ दे, तिचं कल्याण होऊ दे. पण माझ्या गल्लीच्या तोंडाशी तो मला दिसायला नको. मी अजून तेवढी मोठी झालेली नाही."

"त्या नाही म्हणाल्या, म्हणजे आम्हीही नाहीच म्हणणार, अज्जी. त्यांना आम्ही तसा शब्द दिलाय. रोज संध्याकाळी अण्णांना बघून झालं की हवालदार त्यांना फोन करतात, आई, तो त्याच्या जागेवर आहे. तो फोन आला की मग त्या उठून दिवा लावतात. त्याआधी त्यांचा हात धजत नाही."

लोण्यातला आवाज. जयाक्कांनी पदर तोंडाशी नेला, आणि मिरचीनं डोळ्यांत पाणी आल्याचं दाखवत तो तिथंच धरून ठेवला. मग पत्रिका उचलून परत पिशवीत टाकली.

"बरोबर आहे तिचं," त्या उठत म्हणाल्या. "लग्न हलवायचं ते मी हलवते. तिनं का हलायचं?"

बाहेर व्हरांड्यात महेश मागून धावत आला.

"अज्जी, हुब्बळ्ळीत घेतलंत तर मी असेन. साहेब होय म्हणालेत."

"तुला आमंत्रण कुणी दिलंय?" जयाक्का म्हणाल्या आणि रिक्षाला हात केला. "मळमड्डी."

त्या पेठेत त्यांनी रामचंद्राला शिक्षा झाल्यापासून पाऊल टाकलं नव्हतं. त्यांना कुणी बंदी घातली नव्हती. त्यांची त्यांनीच घातली होती. रिक्षा एका गल्लीवरून गेली तेव्हा त्यांनी आत डोकावलं नाही, फक्त दोन्ही हात मांडीवर जोडून घेतले आणि गल्ली मागे पडल्यावर सोडले.

बाळाचार्य झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. जयाक्का उभ्यानंच बोलल्या. सगळं बोलल्या. अट, पार्वतीबाईंचं म्हणणं, आणि सुपारी फोडताना आपण ऐटीत हलवलेली मान. आयुष्यात कुणापुढे वाकायची सवय नव्हती. कंबर दुखावी तसे शब्द दुखत दुखत येत होते.

बाळाचार्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"एवढंच ना? अहो, मळमड्डीचं कार्यालय मी का धरलं होतं? माझे गुडघे दुखतात म्हणून. हुब्बळ्ळीला जिने चढायला लावणार नसाल तर मी येतो."

"कार्यालयं सगळी भरलीत. आमच्या कांडपाचं मागचं अंगण आहे. मिरच्या वाळत घालतो तिथं. जिना नाही."

"आणि ठसका?"

"धुऊन काढते."

"मग मुहूर्त तोच," म्हातारा हसत म्हणाला. "गोरजाला दोष नसतो. तुमच्या अंगणाची मात्र पंचांगात काही सोय नाही हां."

मग जे अंगण धुणं सुरू झालं ते गावानं बघावं! बंबानं पाणी मारलं, भिंतींना चुना दिला, पत्रे झाडले, तुळया पुसल्या. मुसळांना हळदकुंकू लावून, फुलांच्या माळा घालून गप्प बसवलं. जिथं बॅडगी मिरचीचे लाल ढीग पडायचे तिथं रांगोळीचं कमळ उमटलं. मांडवाच्या दाराशी दीपश्रीच्या मैत्रिणी येणाऱ्या प्रत्येकाला गुलाबपाणी शिंपडत होत्या, आणि धारवाडची पाहुणेमंडळी आत शिरताना आधी नाकानं चाचपडून मग पाऊल टाकत होती. नाकाला काही लागलं नाही. विहीणबाई तर म्हणाल्या, "छे हो, आम्हाला उगाच भीती घातली होती!"

रामचंद्राला फेटा बांधला होता. दुपारभर तो हसला, वाढायला उभा राहिला, पोरांनी ओढून नेल्यावर दोन पावलं नाचलासुद्धा. पण ऊन तुळयांवरून उतरायला लागलं तसं त्याचं हसू उतरलं. मागच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी तो उभा राहिला आणि उजवा तळवा नव्या धोतरावर घासू लागला. जयाक्कांनी लांबून पाहिलं. मांडवात, दाराशी, रस्त्यावर, त्यांची नजर खाकी शोधून आली. खाकी कुठं नव्हती. 'येईन म्हणाला होता मेला,' त्या मनात म्हणाल्या.

अंतरपाट धरला गेला. पलीकडे मुकुल हातात माळ घेऊन उभा. भटजींनी आवाज दिला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

दीपश्रीनं मामाच्या दंडाला हात घातला. रामचंद्र हलला नाही.

"मामांनी मुलीला घेऊन यावं!"

माना वळल्या. अक्षता मुठीत आवळल्या गेल्या. चुलतमामानं उगाच उपरणं सावरलं. रामचंद्राच्या कपाळावर फेट्याखालून घामाची धार उतरली. तो दारातल्या काळवंडत चाललेल्या आकाशाकडे बघत होता. दीपश्रीनं त्याचा दंड सोडला नाही, पण ओढलंही नाही. अख्ख्या मांडवात त्या क्षणी फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती.

आणि मंडपाच्या खांबामागून शिंक आली.

साधीसुधी नव्हे. दोन आल्या, एकापाठोपाठ, मांजरं पळवणाऱ्या. सगळ्या हुब्बळ्ळी-धारवाडात त्या तुळयांमधली उरलीसुरली मिरची ज्याला कळावी असं नाक एकच होतं. खांबामागे इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, कपाळाला गंध लावलेला महेश उभा होता, आणि रुमालात तोंड लपवून मरणाची लाज धरून होता.

"शिवशिव! शिंकला!" विहीणबाईंनी कानाला हात लावले. "ऐन मुहूर्तावर!" "कोण हो तो?" "थांबा थांबा, पाणी प्या, मुलीला बसवा..." भटजींनी पंचांग चाळायला घेतलं.

पण उंबऱ्यापाशी रामचंद्रानं मान वळवली होती. आवाजाच्या दिशेनं. दिवेलागणीचा तो आवाज त्याला अंगणातल्या देठांइतका ओळखीचा होता. त्याचा तळवा धोतरावरून सुटला. त्यानं भाचीचा हात आपल्या हातात घेतला, फेटा सारखा केला, आणि कुणी थांब म्हणायच्या आत चालायला लागला. रांगोळीच्या कमळाला वळसा घालून, पाहुण्यांच्या मधून, सरळ अंतरपाटापर्यंत. दीपश्री एवढी हसत होती की मुंडावळ्या हलत होत्या.

"म्हणा हो मंगलाष्टका," बाळाचार्य खुर्चीतूनच गरजले. "गोरजाला दोष नसतो म्हणून सांगितलं ना! शिंकेचासुद्धा नसतो."

सनई कडाडली, अक्षतांचा पाऊस पडला, अंतरपाट सरकला. माळा पडल्यावर रामचंद्र भाचीच्या मागे उभाच राहिला, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवून, आणि डोळे मात्र त्या खांबाकडे.

गर्दीतून वाट काढत महेश बाहेर निसटला तेव्हा जयाक्का त्याच्या मागोमाग गेल्या. मांडवाच्या दाराशी मोटारसायकल होती, पण लांब, समोरच्या भिंतीला लावलेली. तिच्याजवळ उभा राहून तो फोनवर बोलत होता. "होय आई. जागेवरच आहे. होय, लागलं लग्न. होय, मुलगी फार गोड दिसते." मग बराच वेळ तो नुसतं ऐकत राहिला. "सांगतो," तो शेवटी म्हणाला. फोन ठेवून वळला, तर पुढ्यात जयाक्का. हातात लाडवाचं ताट.

"अज्जी, चुकलं. मुहूर्तावर शिंकायला नको होतं. मी खरंच फार दाबून धरली होती री..."

"काय म्हणाली ती?"

"म्हणाल्या, सवाष्णींना हळदकुंकू लावाल तेव्हा एक बोट माझ्या नावानंही मुलीला लावा."

आत पंगतीची हाक झाली होती. त्यांनी एक लाडू उचलून त्याच्या हातावर ठेवला, पुन्हा विचार करून दुसराही ठेवला, आणि मग, आतल्या विहिणीलाही ऐकू जाईल अशा आपल्या बाजारातल्या आवाजात निवाडा दिला.

"महेशा, तुझ्याइतका वळण नसलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. दिव्याला शिंकतोस, मुहूर्ताला शिंकतोस, लग्नघरी येऊन खांबामागे लपतोस. उद्यापासून गाडी पायरीला लावायची, भिंतीला नाही. आणि वेळ चुकवायची नाही. तू शिंकल्याशिवाय मी दिवा लावायची नाही."